फुटपाथवरचं मशीन आणि चार वर्षांची पायपीट

2018 च्या जानेवारीत, एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला अतिक्रमण विभागाची गाडी आली आणि आमचं शिलाई मशीन उचलून घेऊन गेली. आई तेव्हा एका शाळकरी मुलीच्या स्कर्टची उंची वाढवत होती. स्कर्ट सुईखाली अडकलेलाच होता. दोघांनी मशीन स्टँडसकट उचललं तसं वरचं रीळ घरंगळून खाली पडलं, दोरा गाडीच्या फाळक्यापर्यंत ताणत गेला आणि तुटला. आई रीळ उचलायला वाकली. गाडीबरोबर नेहमी येणारा जो माणूस होता त्याच्याकडे मी धावले. म्हटलं, "दादा, एक तारखेलाच दिलेत ना?" माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "ताई, आज वरून आहे."

एक तारखेला दिले होते ते हप्त्याचे पैसे. महिन्याला 500 अतिक्रमणाच्या नावाने, आणि आठवड्याला 100 चौकीच्या नावाने. वर्षाचे 11,200 होतात. आई 1996 पासून त्या फुटपाथवर बसते. चेन बदलायची, फॉल लावायचा, पँट आखूड करायची, उसवलेलं शिवायचं, असली कामं. बावीस वर्षांत रक्कम वाढत गेली, माणसं बदलली, पण हप्ता कधी चुकला नाही. आईची हिशेबाची वही आहे, लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. त्यात दोरा, बॉबिन, सुया, तेल, सगळं वेगवेगळं लिहिलेलं असतं. हप्ता मात्र "इतर" या शब्दाखाली. बावीस वर्षं "इतर".

मला तेव्हा वाटायचं की हप्ता म्हणजे आपण जागेचं भाडंच देतोय, फक्त पावती मिळत नाही. त्या मंगळवारी कळलं की ते भाडं नव्हतं. भाडं दिलं की जागेवर काहीतरी हक्क येतो. आम्ही फक्त न बघण्याचे पैसे देत होतो, आणि ज्याला पैसे घेऊन न बघता येतं, त्याला हवं तेव्हा बघताही येतं.

मशीनबरोबर गिऱ्हाइकांचे चौदा कपडे गेले. हे कुणाच्या ध्यानात येत नाही. भाजीवाल्याचा माल त्याचा स्वतःचा असतो, आमच्याकडचा माल लोकांचा. मी आठ दिवस घरोघर जाऊन सांगत होते की तुमचा कपडा सध्या महापालिकेच्या गोदामात आहे. एका ताईंच्या बहिणीचं लग्न चार दिवसांवर होतं आणि तिचा ब्लाऊज त्या गोणीत होता. त्याच रंगाचं कापड शोधून, शेजारणीच्या मशीनवर बसून आईने रात्रीतून नवा शिवून दिला. शिलाई घेतली नाही.

गोदामात पहिल्या दिवशी सांगितलं, साहेब नाहीत. दुसऱ्या दिवशी, दंड भरा. किती, तर ते साहेब ठरवतील. तिसऱ्या दिवशी एकाने बाजूला घेऊन सांगितलं की 3,000 दिले तर संध्याकाळी घेऊन जा, नाहीतर लिलावात जाईल. हातात जी चिठ्ठी दिली होती तिच्यावर लिहिलं होतं, "शिलाई मशीन 1, कपडे किरकोळ." खाली सही नव्हती.

आठवा दिवस उजाडला तेव्हा कुणीतरी मला फेरीवाल्यांच्या संघटनेच्या एका कार्यकर्त्या ताईंकडे पाठवलं. त्यांनी कपाटातून एक पातळ पुस्तिका काढली: पथविक्रेता (उपजीविका संरक्षण आणि पथविक्री विनियमन) अधिनियम, 2014. हा कायदा 1 मे 2014 पासून लागू आहे. मी बी.कॉम. झालेली, आई बावीस वर्षं रस्त्यावर बसलेली, आणि आमच्यासाठी असा काही कायदा आहे हे दोघींनाही माहीत नव्हतं. ताईंनी कलम 19 दाखवलं. माल जप्त केला तर त्याची यादी करून सही केलेली प्रत विक्रेत्याला द्यायची. नाशवंत माल असेल तर मागणी केल्याच्या दिवशीच परत करायचा, नाशवंत नसेल तर कामकाजाच्या दोन दिवसांत. त्या म्हणाल्या, "तू आठ दिवस तोंडी बोलत होतीस. आता लिहून दे. आणि पोच घेतल्याशिवाय हलू नकोस."

लिहून दिलं. आवक-जावकच्या टेबलावरचा माणूस पोच द्यायला तयार नव्हता. मी अर्धा तास तिथेच उभी राहिले, मग त्याने शिक्का मारला. तिसऱ्या दिवशी मशीन मिळालं. वरच्या पत्र्यावर गंज चढला होता, चाकाची वादी नव्हती, खणातल्या नऊ बॉबिन आणि आईची मोठी कात्री गेली होती. चौदापैकी अकरा कपडे मिळाले. पण 3,000 द्यावे लागले नाहीत, आणि एका कागदावर मारलेल्या शिक्क्याला किती वजन असतं ते मला पहिल्यांदा दिसलं. पथविक्रेत्याचं प्रमाणपत्र, म्हणजे रस्त्यावर धंदा करायला महापालिका देते तो कागद, काढायचंच, हे मी तिथे, त्या गोदामाच्या दारात ठरवलं.

आमच्याकडे प्रमाणपत्र का नव्हतं? शहरातल्या पथविक्रेत्यांचा सर्व्हे झाला होता, 2016 मध्ये, आणि त्यात आईचं नाव आलं नव्हतं. कायद्याप्रमाणे तो दर पाच वर्षांनी तरी व्हायला हवा. सर्व्हेवाली मुलं मोबाइल घेऊन आली, जो जागेवर दिसला त्याचा तिथेच फोटो काढला, आधार क्रमांक घेतला आणि पुढे गेली. आमच्या रस्त्यावर ती दीड दिवस होती. नेमकी त्या दोन दिवसांत आई सरकारी दवाखान्यात दाखल होती आणि मी तिच्या उशाशी. शेजारचे कुलूप-किल्लीवाले काका म्हणाले, "इथे शिलाईवाल्या बाई बसतात, वीस वर्षं बसतात." त्या मुलाने सांगितलं, माणूस दिसल्याशिवाय ॲप पुढे जात नाही. काकांचा तेव्हा फोटो निघाला, पण बोटांचे ठसे घासलेले असल्याने आधार जुळलं नाही. "पुन्हा येऊ," म्हणाले. कुणी आलं नाही.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. कलम 3 मध्ये स्पष्ट आहे की सर्व्हे पूर्ण होऊन सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणालाही उठवायचं नाही. म्हणजे कागद नाही म्हणूनच संरक्षण आहे. आमच्याकडे मात्र कायम उलटं ऐकायला मिळालं: सर्व्हेत नाव नाही, म्हणून उठा. एकच वाक्य दोन्ही बाजूंनी वाचता येतं, आणि ज्याच्याकडे गाडी असते त्याचं वाचन चालतं.

फेब्रुवारी 2018 मध्ये मी पहिला अर्ज दिला, सर्व्हेतून राहून गेल्याचा. गोदामातला धडा ताजा असूनही इथे मी फसले. खात्यातल्या मॅडम इतक्या गोड बोलल्या की पोच मागायची मला लाज वाटली. "ठेवून जा, मी बघते." सहा महिन्यांनी गेले तर त्यांची बदली झालेली आणि अर्ज कुठेच नाही. ऑगस्टमध्ये दुसरा अर्ज दिला, पोच घेतली, आणि त्या दिवसापासून एका वहीत फेऱ्यांची नोंद ठेवायला लागले. तारीख, कोण भेटलं, काय म्हणालं.

त्याच सुमारास एक गृहस्थ आमच्या फुटपाथवर यायला लागले. पांढरा शर्ट, हातात फाइल. रस्त्यावरच्या सगळ्यांचं त्यांना माहीत. म्हणाले, यादी पुन्हा उघडणार आहे, नाव घालून देतो, 15,000 होतील, निम्मे आधी. मी नाही म्हटलं. यात मोठेपणा नव्हता, तेवढे पैसे नव्हते. पण पुढे वहीतल्या फेऱ्या मोजल्या तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. प्रमाणपत्र हातात येईपर्यंत माझ्या 63 फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीला अर्धा दिवस जातो, म्हणजे साधारण 200 रुपयांचं काम बुडतं. एकूण 12,600. झेरॉक्स, रिक्षा, शपथपत्र, फोटो धरले की पंधरा हजारांच्या आसपास. त्या गृहस्थांना हा हिशेब माझ्याआधी ठाऊक होता. सरळ मार्गाने जितकं बुडेल साधारण तितकीच वाकड्या मार्गाची किंमत लावायची, वर वेळ आणि मनस्ताप वाचतो म्हणून माणूस आपणहून वळतो. म्हणून जो वळला त्याला मी दोष देत नाही. आमच्या रस्त्यावर तिघांनी दिले. एकाचं काम झालं, दोघांचे पैसे बुडाले, आणि बुडालेल्या पैशांची तक्रार कुठे करणार?

तक्रारीचंही सांगते. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा नंबर मी मोबाइलमध्ये साठवून ठेवला होता. एकदा रात्री आईला म्हटलं, लावू का? ती मशीनला तेल घालत होती. म्हणाली, "माणूस पकडला जाईल. मग आपण कुठे बसायचं?" त्याच वर्षी, 2018 मध्ये, भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती झाली होती आणि लाच देणाराही गुन्हेगार ठरला. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवायचं, तरच सुटका. ज्याच्याकडून बावीस वर्षं घेतले गेले, त्याने कोणते सात दिवस मोजायचे? मोठ्या कंत्राटातली लाच आणि फुटपाथवरचा हप्ता एकाच मापाने मोजणं मला आजही पटत नाही. पहिल्यात देणारा काहीतरी जास्तीचं मिळवतो. दुसऱ्यात देणारा जे त्याचंच आहे, ज्याला कायद्याचा आधार आहे, ते आणखी एक महिना टिकवतो.

2019 मध्ये माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचं तिकीट लावून विचारलं: आमच्या प्रभागात सर्व्हे झालेल्यांची यादी, आणि प्रत्येकाच्या नोंदीची तारीख. तीस दिवसांनी उत्तर आलं, माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही. पहिलं अपील केलं. सुनावणीला तीनदा गेले, दोनदा साहेब बैठकीत होते. शेवटी यादी मिळाली. आमच्या रस्त्यावर एकोणीस नावं होती. बारा जण माझ्या ओळखीचे. उरलेल्या सात जणांना मी त्या रस्त्यावर एक दिवसही बसलेलं पाहिलं नव्हतं, आणि आम्ही तिथे रोज सकाळी नऊ ते रात्री आठ असतो. काकांचं नाव नव्हतं. चाळीस वर्षं किल्ल्या घासणारा माणूस यादीत नाही आणि जो कधी बसलाच नाही तो आहे.

यादी घेऊन मी संघटनेच्या ऑफिसात गेले. तिथे महिन्यातून एकदा अभ्यासवर्ग असायचा. एरवी मी मागे बसून बटणं लावत ऐकायची. त्या दिवशी सर पेरू देशातल्या लिमा शहराची गोष्ट सांगत होते. तिथले अर्थतज्ज्ञ हर्नांडो डी सोटो यांच्या गटाने 1980 च्या दशकात एक प्रयोग केला. शहराच्या कडेला एक लहानसं शिवणकामाचं युनिट काढायचं, ते पूर्ण कायदेशीर नोंदवायचं, आणि त्याला किती दिवस लागतात ते मोजायचं. लागले 289 दिवस. खर्च आला महिन्याच्या किमान वेतनाच्या 31 पट. वाटेत दहा वेळा लाच मागितली गेली, आणि दोन वेळा दिल्याशिवाय काम पुढे सरकलंच नाही. शिवणकामाचं युनिट हे ऐकल्यावर माझ्या हातातली सुई थांबली. जगाच्या दुसऱ्या टोकाला, मी जन्मायच्या आधी, कुणीतरी माझ्यासारखीच वही ठेवली होती.

डी सोटोंचं म्हणणं असं की नियम इतके अवघड करून ठेवलेत की गरीब माणूस नाइलाजाने बिगरकायदेशीर राहतो, म्हणून नियम सोपे करा. सरांना मी त्या दिवशी म्हटलं, आणि अजूनही मला तेच वाटतं, की आमचं दुखणं थोडं वेगळं आहे. आमचा नियम अवघड नाही. 2014 चा कायदा शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायला सांगतो. दहा लाखांच्या शहरात 25 हजार. शहरातल्या पथविक्रीचं बघणाऱ्या नगर पथविक्रेता समितीत निदान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत, त्यात एक तृतीयांश बायका. त्याच्याही कितीतरी आधी, 1989 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सोदान सिंग खटल्यात सांगितलं होतं की रस्त्याच्या कडेला धंदा करणं हे व्यवसायाच्या मूलभूत हक्कात येतं, सरकार त्याचं नियमन करू शकतं. कागदावर सगळं आहे. फक्त सर्व्हे अर्धा ठेवायचा, समितीची निवडणूक लांबवायची, जागा आखायच्या नाहीत. काम अपुरं राहिलं की रस्त्यावरचा प्रत्येक जण बेकायदा राहतो, आणि बेकायदा माणसाकडूनच हप्ता घेता येतो. प्रमाणपत्र दिलं की ते गिऱ्हाईक कायमचं तुटतं.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 2018 चा अहवालही सरांनी सांगितला होता: जगात 2 अब्ज माणसं असंघटित, नोंद नसलेल्या कामांवर जगतात, काम करणाऱ्यांपैकी 61 टक्के. अशा माणसांना "करबुडवे" म्हणणारे मी खूप ऐकले आहेत, अगदी आमच्याकडे कपडे शिवायला देणाऱ्यांतही. आई वर्षाला 11,200 भरत होती. पुढे प्रमाणपत्राची फी भरली ती त्याच्या पावसुद्धा नव्हती. भरणारा भरतच असतो. ते पैसे रस्त्याच्या दिव्यापर्यंत आणि संडासापर्यंत पोचत नाहीत एवढंच. आमच्या रस्त्यावर बायकांसाठी संडास नाही. आई बावीस वर्षं दुपारी पाणी कमी पिते.

2019 च्या शेवटी माझा अर्ज एकदाचा टेबलावर आला आणि नवीनच हरकत निघाली. "तुम्ही काही विकत नाही. दुरुस्ती करता. हे विक्रेत्यांसाठी आहे." मी पुस्तिकेतलं कलम 2 पिवळ्या पेनाने रंगवून नेलं. पथविक्रेत्याच्या व्याख्येत वस्तू विकणाऱ्यांबरोबर लोकांना सेवा देणारेही येतात. साहेबांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "याचा अभिप्राय मागवावा लागेल." मागवला. मार्च 2020 आला आणि सगळंच बंद झालं.

त्या तीन महिन्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. घरी बसून मास्क शिवले. रोजच्या वसुलीवर पैसे देणाऱ्याकडून 10,000 काढले, हातात आले 8,500, आणि शंभर दिवस रोज 100 भरायचे. रस्ता बंद, मग 100 कुठून? आईच्या कानातलं गेलं.

जून 2020 मध्ये पीएम स्वनिधी योजना आली. 24 मार्च 2020 ला किंवा त्याआधी धंदा करत असलेल्या पथविक्रेत्याला विनातारण 10,000 रुपयांचं कर्ज, वेळेवर फेडलं तर व्याजात 7 टक्के अनुदान. सर्व्हेतून राहिलेल्यांनाही घेतलं होतं, फक्त महापालिकेचं शिफारसपत्र हवं. मी मनाची तयारी ठेवली होती की आता आणखी दोन वर्षं. पण ते पत्र नऊ दिवसांत मिळालं. तेच टेबल, तेच साहेब, माझी तीच फाइल. जागेवर येऊन फोटो काढला, काका आणि समोरच्या मेडिकलवाल्यांचे जबाब घेतले, पत्र दिलं. या वेळी वरून उद्दिष्ट आलं होतं, इतके अर्ज इतक्या दिवसांत, आणि रोज आढावा होता.

मला आनंद व्हायला हवा होता. घरी येऊन मी रडले. अडीच वर्षं जे "होत नाही" होतं ते नऊ दिवसांचं काम होतं. माणसं कमी आहेत, व्यवस्था नाही, हे सगळं मी इतकी वर्षं समजून घेत आले होते.

बँकेने तीनदा परत पाठवलं, चौथ्यांदा कर्ज दिलं. हप्ता नऊशेच्या थोडा वर. हा शब्दही बघा कसा आहे, बँकेचा हप्ता आणि त्यांचा हप्ता. आईने वहीत पहिल्यांदाच "हप्ता" असा शब्द लिहिला, तो बँकेचा. मशीनला नवीन मोटर बसवली, क्यूआर कोड लावला, आणि खात्यात वीस-तीस रुपयांच्या नोंदी जमायला लागल्या. आम्ही कमावतो याचा तो पहिला कागदी पुरावा.

शिफारसपत्राच्या जोरावर मी पुन्हा अर्ज केला: तुम्हीच लिहून दिलंय की मी विक्रेती आहे, मग प्रमाणपत्र का नाही? तरी दीड वर्ष गेलं. एप्रिल 2022 मध्ये आईच्या नावाचं प्रमाणपत्र मिळालं, कुटुंबातली म्हणून त्यावर माझंही नाव. जागा, वेळ, मापं लिहिलेली. आईने ते लॅमिनेट करून मशीनच्या आडव्या पट्टीला तारेने बांधलं.

दुसऱ्या महिन्याच्या एक तारखेला तो नेहमीचा माणूस आला. त्याच्याबद्दल एक सांगायचं राहिलं. मधे एकदा तो मुलीच्या दप्तराची चेन बदलायला घेऊन आला होता. गुलाबी दप्तर, एका बाजूला फाटलेलं. आईने चेन बदलली, फाटलंही शिवून दिलं. त्याने 30 रुपये काढले. आई नको म्हणाली तर तो हट्टाने म्हणाला, "मावशी, हे घरचं काम आहे." बसून बोलला थोडं. तो महापालिकेचा नोकर नव्हताच. ठेकेदाराकडे कामाला, ओळखपत्र नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, तीन महिन्यांचा पगार थकलेला. आमच्याकडून घेतो त्यातले किती उरतात विचारलं तर म्हणाला, "शंभरातले वीस." आम्हाला बेकायदा ठरवायला जो येत होता, त्याच्याकडेही कामाचा कागद नव्हता.

तर तो आला, प्रमाणपत्र वाचलं, म्हणाला, "बरं झालं मावशी. तुमचं राहू द्या आता." आणि काकांकडे वळला. चौकीचे 100 आणखी तीन महिने मागितले गेले, मी प्रमाणपत्र आणि, प्रमाणपत्राप्रमाणे धंदा करणाऱ्याला पोलिसांनीही अडवायचं नाही असं सांगणारं, कलम 27 दाखवत राहिले, मग तेही थांबलं. पण काकांचे 500 होते त्याचे 700 झाले. मी त्या माणसाला विचारलं, असं का? त्याने सरळ सांगितलं, "रस्त्याचा आकडा वरून ठरलेला असतो. तुमच्यासारखे चौघं सुटले, आकडा तोच आहे."

हे ऐकल्यापासून मला प्रमाणपत्राकडे नुसत्या समाधानाने बघता येत नाही. चार वर्षं झगडून मी जे सोडवून आणलं, त्यातले 200 काकांच्या डोक्यावर बसले. आईने त्या दिवशी काकांना आपल्या डब्यातली भाकरी दिली आणि मला म्हणाली, "त्यांचाही अर्ज लिही."

लिहिला. काकांकडे पुराव्याचा तुटवडा नव्हता, फक्त तो पुरावा आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या लाकडी पेटीत, किल्ल्यांच्या जुन्या साच्यांखाली, 1987 पासूनच्या जप्तीच्या आणि दंडाच्या पावत्या होत्या. पिवळ्या पडलेल्या, घडीवर फाटलेल्या, पण प्रत्येकीवर तारीख, रस्त्याचं नाव आणि सही. महापालिकेनेच स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं की हा माणूस इथे बसतो. मी सगळ्या क्रमाने लावल्या, सत्तावीस भरल्या. फाटक्या पावत्या कोऱ्या कागदावर चिकटवल्या, झेरॉक्स काढल्या. साक्षीदार म्हणून आईने सही केली. तिला सही करायला वेळ लागतो, प्रत्येक अक्षर ती टाका घातल्यासारखं काढते.

काल काकांना घेऊन गेले. आवक-जावकच्या टेबलावर नवीन मुलगा आहे. त्याने गठ्ठा बघितला आणि म्हणाला, "ठेवून जा, मी साहेबांना दाखवतो." काका उठायला लागले. मी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं आणि दुसरी प्रत पुढे सरकवली. त्याने शिक्का मारला, पण शाई संपत आली होती, तारीख उमटलीच नाही. मी प्रत परत त्याच्यापुढे ठेवली. त्याने खणातून शाईची बाटली काढली, पॅडवर चार थेंब टाकले आणि पुन्हा मारला.